मामांचा डावा पाय

माणसाला डावा पाय कशासाठी दिलेला असतो, याचा विचार माणूस सहसा करत नाही. उजव्या पायाचं तसं नाही. नव्या नवरीनं माप ओलांडायचं ते उजव्या पायानं, शुभकार्याला घराबाहेर पडायचं ते उजवं पाऊल पुढं टाकून. मोटारीतसुद्धा पळवणं आणि थांबवणं ही दोन्ही वजनदार खाती उजव्याकडंच. डाव्याच्या वाट्याला एकच काम, क्लच. क्लच दाबायचा म्हणजे काय, तर जे जोडलेलं आहे ते क्षणभर सोडवायचं, मध्ये काय बदल करायचा तो होऊ द्यायचा, आणि कोणाला धक्का न लागता पुन्हा जोडून द्यायचं. एकत्र कुटुंबात हे काम थोरली वहिनी करते. तिचं नाव कुठं येत नाही. ती आठ दिवस माहेरी गेली, की मग घरातल्या प्रत्येक गिअरचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो.

आमच्या मामांचा डावा पाय वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी असाच माहेरी जायला निघाला, आणि अवघ्या खानदानाला त्याचं महत्त्व कळलं.

मामा भंडारा जिल्ह्यातले. लाखनी आणि साकोलीच्या मध्ये, महामार्गापासून आत, एका तलावाच्या काठी त्यांचं गाव आहे. हे तलाव म्हणजे आमच्या जिल्ह्याचं खरं वैभव. जुन्या मालगुजारांच्या काळातले, म्हणून सरकारी कागदात त्यांना अजून ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव तेवढे ‘माजी’ होऊन राहिले आणि तरीही कामावर आहेत, निवृत्त मुख्याध्यापकासारखे. या तलावाच्या पाण्यावर मामांचं धान होतं. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल. त्या चिखलातून, पाळीवरून, धुऱ्याच्या कडेकडेनं पऱ्ह्यांच्या पेंढ्या, खताची पोती, रोवणीच्या बाया आणि प्रसंगी रुसलेला जावई, असं सगळं वाहून नेणारं एकच वाहन त्या गावात होतं, ते म्हणजे मामांची जीप.

जीप १९७४ सालची. मामांनी ती १९८६ मध्ये सरकारी लिलावात घेतली. महिंद्रांनी विलिजच्या परवान्यावर बांधलेली ‘सी.जे. ३ बी’ जातीची. तिचं बॉनेट इतर जिपांपेक्षा उंच असतं. पुष्कळांना वाटतं की तो रुबाबाचा भाग आहे. तसं नाही. तिच्या मूळच्या पेट्रोल इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर बाहेर टाकणारे खाली ठोकळ्यात, अशी रचना होती. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली, आणि इंजिन मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. मुलगा वाढला म्हणून दार उंच केलं, त्यातला प्रकार.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले आणि देशभरच्या जिपांच्या पोटात डिझेल इंजिनं घालायचं पर्व सुरू झालं. मामांनी १९९१ मध्ये हा संस्कार करून घेतला आणि आर.सी. बुकात त्याची रीतसर नोंदही करून घेतली. पुढं रेडिएटर बदलला, टप तीनदा बदलला, खालचे पाटे बदलले, सीट तर घरच्या सोफ्याची बसवली. आता त्या जीपमध्ये मूळचं काय उरलंय असं कोणी विचारलं की मामा म्हणत, “नंबरप्लेट आन् मी.”

ही जीप चालवणं हा एका माणसाचा उद्योग नव्हे, आणि तो मामा एकटे करत. मधोमध एक दांडा गिअरचा. पुढं जायचे गिअर तीनच. त्यातला पहिला असा मानी, की गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडायचाच नाही. चालत्या गाडीत घालायला गेलात तर असा दात-ओठ खायचा की शेजारच्या शेतातले बैल मान वर करून पाहायचे. त्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे. एक पुढच्या चाकांना कामाला लावायचा, दुसरा साधी चाल आणि बैलाची चाल यांत निवड करायचा. पुढची चाकं कामाला लागल्याशिवाय बैलाची चाल मिळत नाही, अशी आतून कडी घातलेली असते. म्हणजे चिखलात शिरताना मामांचे दोन हात, तीन दांडे, एक स्टिअरिंग आणि दोन पाय, असा एक छोटासा तमाशाचा फडच उभा राहायचा. आणि या फडाचा ढोलकीवाला म्हणजे डावा पाय. प्रत्येक बदलाला त्याची थाप आधी.

त्या पायाच्या गुडघ्यानं चार वर्षांपूर्वी कुरकुर सुरू केली. आधी चढताना, मग उतरताना, मग नुसतं बसल्या जागी. तेल झालं, लेप झाले, तुमसरकडच्या एका वैद्याची पुडी झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरून सांगितलं, की दोन हाडांमधली गादी घासून संपली आहे, हाडावर हाड येतं आहे.

मामांनी फोटोकडं जाणकाराच्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, “म्हंजे क्लचप्लेट गेली?”

“तसं समजा,” डॉक्टर म्हणाले. “गुडघा बदलावा लागेल. तोपर्यंत जिना, मांडी घालून बसणं आणि जीपचा क्लच बंद.”

जिना मामांच्या घराला नव्हता. मांडी ते खुर्चीवर घालत नव्हते. राहिला क्लच. आणि गुडघा बदलण्याचा विषय मामांनी त्या खोलीतच असा काही सोडून दिला, की जणू डॉक्टर दुसऱ्याच कोणाशी बोलत होते.

मग ड्रायव्हर ठेवायचं ठरलं. पंधरा दिवसांत तीन झाले. पहिला मोबाईलवर बोलत गिअर टाकायचा. दुसरा चांगला होता, पण त्याला दोन छोट्या दांड्यांतला फरक कळेना, आणि मामा शेजारी बसून प्रत्येक वळणावर आपला दुखरा डावा पाय हवेत दाबायचे. त्याचा मामांना त्रास झाला तो झालाच, ड्रायव्हरला अधिक झाला. तिसरा एक दिवस पाळीवर जीप उभी करून म्हणाला, “काकाजी, तुमचा पाय दाबते तवा माह्या पाय आपोआप उचलते. मले दुसरी नोकरी पाहा.”

मामा घरी बसले. खरं सांगायचं तर ‘बसले’ हा शब्द तेव्हापासून मी जपून वापरतो. पहाटे चारला उठून तलावाच्या तुडुमावर पाण्याची पाळी पाहायला जाणारा माणूस आठ वाजेपर्यंत पडवीत छताकडं पाहत बसायला लागला. धान कोणत्या बांधीत निसवलं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागला. मामी मला फोनवर म्हणाल्या, “जेवण कमी झालं ह्यांचं. भांडतही नाहीत आताशा.” चाळीस वर्षांच्या संसारात नवरा भांडत नाही ही तक्रार करायची वेळ यावी, यावरून काय ते ओळखा.

अशा वेळी दिवाळीला पुण्याचा मामेभाऊ आला. तो एका कारखान्यात इंजिनीअर आहे, त्यामुळं त्याच्याकडं प्रत्येक दुःखावर एक यंत्र असतं. तो म्हणाला, “बाबा, क्लच दाबता येत नाही ना? मग क्लचच काढून टाकू. जीपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू. इलेक्ट्रॉनिक. अमेरिकेत लोक जुन्या ट्रकांना सर्रास बसवतात, सगळं सामान तयार मिळतं.”

मामी म्हणाल्या, “त्यापेक्षा नवी गाडी घ्या ना तयार.” त्याही सोयी होत्या. २०१४ पासून आपल्याकडं लहान गाड्यांमध्ये असा गिअर मिळतो की क्लच आतच असतो, पण तो दाबायचं काम गाडी स्वतःच करते. आणि २ ऑक्टोबर २०२० ला जी नवी थार आली, तीही ऑटोमॅटिकमध्ये मिळते. मामांनी दोन्ही पाहिल्या. छोट्या गाडीबद्दल म्हणाले, “हिचं पोट धुऱ्याले लागते.” थारबद्दल म्हणाले, “ब्येस हाय. पन हिच्यात युरियाची पोती ठेवाची हिंमत होनार नाही मले.”

तेव्हा ठरलं. जीप तीच, मामा तेच, गिअरबॉक्स तेवढा नवा.

इथं आमच्या जिल्ह्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्यांना भंडारा म्हणजे पितळेची भांडी आणि धान एवढंच ठाऊक असतं. पण महामार्गावर गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स तयार करणारा अशोक लेलँडचा कारखाना १९८२ च्या सुमारास आला, आणि तेव्हापासून आसपासच्या प्रत्येक गावात किमान एक माणूस असा आहे, की ज्याचा गिअरबॉक्सशी संबंध आलेला आहे. कोणी तिथं नोकरीला होता, कोणाचा साळा होता, कोणी कँटीनला दूध घालत होता. पण गिअरवर बोलायचा अधिकार सर्वांना सारखा. त्यामुळं मामांच्या अंगणात बातमी फुटताच अकरा तज्ज्ञ जमले. त्यातल्या सात जणांची मतं ‘होते’ अशी होती, तिघांची ‘होत नाही’ अशी, आणि अकरावे चहा येईपर्यंत तटस्थ होते.

मामेभावानं सगळ्यांना तत्त्व समजावून सांगितलं. त्यासाठी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला, दुसऱ्याची वायर काढून ठेवली. चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंखा हळूहळू फिरायला लागला. “पाहा,” तो म्हणाला, “दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी एकाची ताकद दुसऱ्याला पोचली. वाऱ्याऐवजी तेल घाला, दोन्ही पंखे एका डब्यात बंद करा, मध्ये तेलाची दिशा वळवणारं तिसरं चक्र ठेवा, झाला टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा. गाडी थांबली तरी इंजिनाचा पंखा तेल घुसळत राहतो, इंजिन बंद पडत नाही. क्लच नको, डावा पाय नको.” नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि दोन्ही पंखे थांबले. तटस्थ अकरावे म्हणाले, “इथंच अडचन हाय.”

ही युक्ती हेर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनीअरची. त्यानं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. पुढं अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४० सालच्या गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ नावाचा आपोआप बदलणारा गिअर आला. तोच दुसऱ्या महायुद्धात स्टुअर्ट जातीच्या एम ५ रणगाड्यात बसवला. म्हणजे बघा, एकाच युद्धात रणगाडेवाल्याचा डावा पाय आरामात, आणि त्याच्या शेजारून जीपवाला आपला क्लच दाबत तीन दांड्यांशी झुंजतोय. ही गोष्ट मी मामांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “पन फोटो जीपवाल्याचेच जास्त निघाले.”

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागं असतात ते ग्रह. खरोखरच. मधोमध एक दातेरी चाक, त्याला म्हणतात सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह. बाहेरून सगळ्यांना वेढणारं आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. यातलं कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला मोकळं सोडायचं, यावर गिअर ठरतो. सूर्य धरला की एक चाल, ग्रहांची चौकट धरली की चाल उलटी, म्हणजे रिव्हर्स. हे ऐकून गावचे जोशीबुवा, जे इतका वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत होते, ते पुढं सरकले. “म्हणजे वक्री,” ते म्हणाले. एवढ्या मंडळींत हा गिअरबॉक्स पूर्णपणे समजलेले तेच एकटे.

पूर्वी हे धरणं-सोडणं तेलाच्या दाबावर, झडपांच्या जोरावर चालायचं. १९८० नंतरच्या काळात तो कारभार हळूहळू विजेच्या झडपांकडं आणि छोट्या संगणकाकडं गेला. पाय किती दाबलाय, इंजिन किती फिरतंय, चाकं किती फिरताहेत, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं त्या संगणकाला सतत कळवावं लागतं. मग तो ठरवतो कोणता ग्रह धरायचा. सासूबाईंना घरातली प्रत्येक बातमी पोचली पाहिजे, तरच स्वयंपाकघर सुरळीत चालतं, तशी ही व्यवस्था.

साकोलीच्या फाट्यावर आमचे उस्ताद आहेत. शिक्षण सातवी, अनुभव पस्तीस वर्षं. जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं तेव्हा ते त्या गॅरेजात हातोडी देणारं पोरगं होते. त्यांनी नागपूरच्या भंगार बाजारातून एका अपघातात गेलेल्या मोठ्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. दोघांनी उचलून तो अंगणात ठेवला, शेजारी जीपच्याच जातीचा एक जुना तीन गिअरांचा डबा ठेवला, आणि टेपनं मोजमाप सुरू केलं. तास-दीड तास कोणाशी बोलले नाहीत. मग हात पुसून त्यांनी चार बोटं वर केली.

“काकाजी, चार भानगडी हायेत. पहिली, लांबी. या जीपची चाकं पुढून मागं ऐंशी इंच. हा डबा लांब, त्याले इंजिनशी जोडाले पट्टी बनवाची ते लांब, त्याच्या मागं फोर व्हीलचा डबा. मग मागच्या चाकाले जानारा शाफ्ट राहते वीतभर. वीतभर शाफ्ट एवढा तिरपा लागन का पहिल्याच धुऱ्यावर त्याचा सांधा तुटन.

“दुसरी. ह्या जीपचा मागचा गोळा मधात नाही, बाजूले हाय. नव्या डब्याचं तोंड सरळ मागं. दोघं एकमेकाले पाहूनच नाही रायले.

“तिसरी. तुमचं इंजिन अंगठाछाप हाय. त्याच्या पंपाले तार नाही, सेन्सर नाही. पाय किती दाबला हे त्याले कोनाले सांगताच येत नाही.

“आन् चौथी मोठी. ह्या डब्याले त्याचं मूळचं इंजिन पाह्यजे. त्याच्याशी बोलनं झालं नाही तं हा रुसून बसते. एकच गिअर पकडते, तिसरा. मंग ढकला. याचं वेगळं डोकं बाहेरदेशी मिळते. ते आना, वायरिंग करा, पट्टी खरादा, तेल थंड कराले वेगळी जाळी बसवा. दोन लाखाच्या वर जाते, आन् गॅरंटी माह्या जिभेची.”

मी उस्तादांकडं पाहतच राहिलो. पुण्याच्या पोरानं जे बारा पानी टिपण करून आणलं होतं, त्याचा सारांश या माणसानं टेपपट्टीनं काढला होता. मामेभाऊही प्रामाणिक. त्यानं टिपण मिटलं आणि उस्तादांना विचारलं, “तुम्ही पुण्याला येता का?”

“कायले?” उस्ताद म्हणाले. “जिपा इथं हायेत.”

तरीही मामा हटेनात. शाफ्ट लहान होतो तर जीप लांब करा म्हणाले. तेव्हा गावातल्या वकिलांनी पाचवं बोट वर केलं. निर्मात्यानं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, गाडी तपासायला न्यावी लागते. तिथं कोणी खाली वाकून पाहिलं तर?

“मात्र एक सोय आहे,” वकील म्हणाले. “शारीरिक दोष किंवा अपंगत्व असलेल्या माणसाला, फक्त त्याच्याच वापरासाठी, गाडीत फेरफार करून घ्यायची वाट कायद्यात ठेवलेली आहे. मामासाहेबांनी अपंगत्वाचा दाखला काढला तर क्लच हातावर घेता येईल. गिअरबॉक्स बदलायची गरजच नाही.”

अंगणात एकदम शांतता झाली. सूचना सरळ होती, कायदेशीर होती आणि सर्वांत स्वस्त होती. ज्याला त्या दाखल्याची खरी गरज आहे त्यानं तो मान ताठ ठेवून काढावा, आणि ताठ मानेनं गाडी चालवावी. पण मामा उठले, डावा पाय फरफटत आत गेले, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, “माह्या पायाले दवा हाय, असं डाक्टर म्हनून रायला. दवा असून दाखला घेनं म्हंजे दुसऱ्याच्या ताटातलं खानं हाय.”

दवा आहे. मामांच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं, आणि मामींनी ते वरच्यावर झेललं.

मामी रात्री वही घेऊन बसल्या. डाव्या बाजूला गिअरबॉक्स, उजव्या बाजूला गुडघा. गिअरबॉक्सचा आकडा उस्तादांनी दिलेला होता. गुडघ्याचा मामेभावानं काढला. कृत्रिम गुडघ्याच्या किमती मनाला येतील तशा लावायला राष्ट्रीय औषधी मूल्य प्राधिकरणानं ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी घातली, आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवून दिली, कर वेगळा. पुढं तो आकडा थोडाफार हलला, दवाखान्याचा खर्च आणखी धरला, तरी बेरीज गिअरबॉक्सच्या आतच राहिली. मामींनी वही मामांपुढं सरकवली. “बघा. जीपपेक्षा तुम्ही स्वस्तात दुरुस्त होता. शिवाय तुम्हाला पट्टी खरादावी लागत नाही, आणि आर.टी.ओ.ला दाखवावं लागत नाही.”

मामा हसले नाहीत. वही मिटून ते पडवीत आले आणि माझ्या शेजारी बसले. बराच वेळ तलावावरून बेडकांचा आवाज तेवढा येत होता.

“बापू,” ते म्हणाले, “तुले आठवते, दादाचा पाय मोडला होता?”

मला आठवत होतं. मामांचे थोरले भाऊ, आमचे मोठे मामा, १९९४ मध्ये खळ्यावरून पडले होते. मामांनीच त्यांना जीपमध्ये घालून नागपूरला नेलं होतं.

“जाताना मागच्या सीटवर बसून होता. मले म्हने, हळू चालव, घाई काय हाय. पायच तं हाय. आठ दिवसानं आनलं. ह्याच जीपनं आनलं. पन बसून नाही.” मामांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. “जातानी मी, येतानी बी मीच चालवली. महामार्गाले किती गिअर बदलले त्या रात्री, ते मले अजून मोजून सांगता येते.”

तेव्हा कुठं लक्षात आलं. चार वर्षं मामा जीपचा गिअरबॉक्स बदलायला निघाले होते, शाफ्ट लहान करायला, जीप लांब करायला, परदेशातून डोकं मागवायला तयार होते, ते सगळं त्या एका खोलीत पुन्हा जावं लागू नये म्हणून. मी त्यांना काही समजावलं नाही. अशा वेळी समजावणाऱ्या माणसासारखा त्रासदायक माणूस नसतो.

समजावलं ते उस्तादांनी, आणि तेही नकळत. दुसऱ्या दिवशी ते आपला गिअरबॉक्स परत न्यायला आले, तर मामांनी विचारलं, “काहून रे, एक्क्यान्नवले आपन इंजिन काढलं, तवा तुले भ्या नाही वाटलं? जीप मरन म्हनून?”

“लय वाटलं जी,” उस्ताद म्हणाले. “रिकामं बॉनेट पाहून मी रडलो होतो. मालक मले म्हने, ‘अबे, इंजिन गेलं म्हंजे जीप गेली का? जीप म्हंजे चेसिस. चेसिस चांगली असली का काहीबी बसवता येते.’” मग मामांकडं वरपासून खालपर्यंत एक व्यावसायिक नजर टाकून म्हणाले, “तुमची चेसिस चांगली हाय, काकाजी.”

मामा डिसेंबरात नागपूरला गेले. धान कापून, चुरून, मोजून झाल्यावर. नेलं मीच, पण भाड्याच्या गाडीनं. जीपनं जायचं नाही एवढी एकच अट मामींची होती आणि कारण कोणी विचारलं नाही. डॉक्टरांना मामांनी प्रश्नांची यादीच दिली. गुडघा कोणत्या धातूचा? किती वर्षं टिकतो? मध्ये ग्रीस लागते का? डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं, हाडांवर धातू बसवतो, दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकची गादी असते, बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं साथ देतो, आणि ग्रीस लागत नाही, व्यायाम लागतो. “पंधरा वर्षं,” मामा म्हणाले, “म्हंजे जीपच्या पासिंगच्या तीन पाळ्या. बरोबर हाय. दोघं संगंच जाऊ.”

ऑपरेशनला लागला तासाहून थोडा अधिक वेळ. तेवढ्या वेळात मामींनी दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढून झाली, आणि माझा नंबर येणार तेवढ्यात परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, “झालं. हसताहेत ते.” दुसऱ्याच दिवशी मामांना उभं केलं. सातव्या दिवशी ते गावी परतले, बसून. महामार्गावर लाखनी ओलांडल्यावर त्यांनी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं, “गिअर लौकर बदलवून रायला तू. अंमळ थांब, इंजिनाले बोलू दे.” मामींनी डोळ्याला पदर लावला. मामा बरे झाल्याची खूण त्यांना पटली होती.

व्यायामाला म्हणून साकोलीहून एक पोरगी यायची. गुडघा काटकोनात वाकला पाहिजे, पाय पुढं दाबून सरळ झाला पाहिजे, वीस वेळा सकाळी, वीस वेळा संध्याकाळी. मामा तिसऱ्या दिवशीच कंटाळले. दीड महिन्यानं मात्र त्यांनी स्वतःच तोड काढली. गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या, चावी नसलेल्या जीपमध्ये जाऊन बसले आणि तिला म्हणाले, “आता मोज.” वीस वेळा क्लच. प्रत्येक वेळी गिअर बदलून, तोंडानं इंजिनाचा आवाज काढून. त्या पोरीनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू, दुखेपर्यंत नाही, आणि जीप चालू करायची नाही. तीन महिन्यांनी त्यांनी तीही परवानगी दिली.

या खरिपात रोवणीला जीप पुन्हा बांध्यांवर होती. पहिला गिअर तसाच दात-ओठ खातो, बैल तसेच मान वर करतात. मामांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, एवढे दोन नियम आहेत आणि ते मामी पाळतात.

तो इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स उस्तादांनी परत नेलाच नाही. भंगारवाला घेईना आणि दुसरं कोणी विचारेना. तो मामांच्या पडवीत आरामखुर्चीपुढं ठेवलेला आहे. वर मामींनी शिवलेली एक गादी आहे. संध्याकाळी शेतावरून आल्यावर मामा त्यावर आपला डावा पाय ठेवतात, आणि कोणी नवा पाहुणा विचारू लागला की मोठ्या अभिमानानं सांगतात, “ऑटोमॅटिक हाय. ह्याच्यावर पाय ठेवला का आपोआप आराम वाटते.”